खास खाणं वाटीत, मांजर उपाशी

प्रश्न : आमची ठमी चौदा वर्षांची आहे. वर्षभरात तिचं वजन ४.२ किलोवरून ३.५ किलोवर आलं. पाणी खूप प्यायला लागली, लिटर बॉक्समधले गोळे मोठे झाले, म्हणून तपासणी केली. क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) ३.६ निघालं. डॉक्टरांनी ‘क्रॉनिक किडनी डिसीज, तिसरा टप्पा’ असं निदान केलं आणि किडनीच्या मांजरांसाठीचं खास खाणं दिलं. ठमी ते हुंगते, वाटीभोवतीची फरशी माती उकरावी तशी खरवडते आणि निघून जाते. पोटात कावळे ओरडले की खाईल, म्हणून परवापासून दुसरं काही दिलेलं नाही. बहीण म्हणते मांस पूर्ण बंद कर, प्रोटीननेच किडनी जाते. डॉक्टर म्हणतात, पुढे गरज पडली तर घरी सलाईन द्यायला शिकून घ्या. पण सुई बघितली तरी माझे हात थरथरतात. घरात एक तरुण बोकाही आहे, त्याचं खाणं बदलायचं का? आणि एक खरं सांगा, हे सगळं करून आम्ही तिला छळतोय का?

उत्तर : पुढचं वाचण्याआधी उठा आणि ठमीला तिचं जुनं, आवडीचं खाणं द्या. थोडं कोमट करून द्या. किडनीला चालेल की नाही, हा विचार आज करायचा नाही.

‘भूक लागली की खाईल’ हा हिशोब मांजराला लागू पडत नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृताकडे धाव घेते आणि तिथेच साठून बसते. याला फॅटी लिव्हर म्हणतात आणि मांजरांत तो जिवावर बेततो. किडनीचा आजार वर्षानुवर्षं चालू शकतो, पण उपासाने आलेलं हे दुखणं आठवड्याभरात मांजर नेऊ शकतं. ठमीने आज जुन्या खाण्यालाही तोंड लावलं नाही, तर उद्याची वाट न बघता आजच डॉक्टरांना दाखवा.

आता त्या फरशी खरवडण्याबद्दल. तुम्हाला तो नखरा वाटत असेल. मला तशी शंका येत नाही. वाटीपर्यंत जाणं, हुंगणं, ओठ चाटणं, आवंढा गिळणं, उकरल्यासारखं करून पाठ फिरवणं हे सगळं मळमळणारी मांजरं करतात. किडनी नीट गाळत नसली की रक्तात टाकाऊ पदार्थ साचतात आणि त्यांच्यामुळे मेंदूतलं उलटीचं केंद्र चाळवतं. उलटी व्हायलाच हवी असं नाही. नुसती मळमळ असली तरी भूक जाते. त्यातून एक पंचाईत होते. मळमळत असताना जे खाणं समोर आलं, त्यालाच मांजर दोष देतं आणि पुढे बरं वाटलं तरी त्या वासाकडे फिरकत नाही. म्हणून हे खास खाणं सध्या डब्यात बंद करून ठेवा. निदान झालं त्याच दिवशी, किंवा मांजर दवाखान्यात भरती असताना, नवीन खाणं पुढे करायचं नसतं ते याचसाठी.

डॉक्टरांना विचारायची पहिली गोष्ट खाण्याची नाही, मळमळीची. मॅरोपिटंट आणि ऑन्डनसेट्रॉन ही दोन औषधं उलटी-मळमळीसाठी वापरतात. भूक वाढवायला मिर्टाझापिन चांगलं काम करतं, त्याने उलट्याही कमी होतात. गोळी घेत नसेल तर कानाच्या आतल्या बाजूला लावायचं मलमही मिळतं. किडनीच्या मांजरांत ही गोळी बहुधा एक दिवसाआड देतात, कारण शरीरातून ती सावकाश बाहेर पडते. डोस जास्त झाला तर मांजर रात्रभर ओरडत फिरतं, तसं दिसलं तर कळवा. वजन भरून यावं म्हणून कॅप्रोमोरेलिन नावाचं पातळ औषधही आहे. यातलं कोणतं द्यायचं ते तिचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त ‘ती खात नाही’ एवढं सांगून थांबू नका, ‘ती वाटीपर्यंत जाते आणि परत फिरते’ हे सांगा. डॉक्टरांसाठी या दोन वाक्यांत मोठा फरक आहे.

आणि औषधं खाण्यात लपवू नका. विशेषतः त्या खास खाण्यात तर मुळीच नाही. एकदा कडू लागलं की ती वाटी कायमची बाद.

बहिणीचा सल्ला प्रेमापोटी आलेला आहे, पण तो पाळू नका. मांजर मांसाहारावरच जगणारा प्राणी आहे. त्याचं यकृत प्रथिनं जाळून ऊर्जा काढायचं काम सतत करत असतं. खाण्यात प्रथिनं कमी झाली म्हणून ते काम मंदावत नाही. वाटीतून प्रथिनं आली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती मिळवतं. ठमीच्या पाठीचा कणा हाताला लागत असेल, मांड्या बारीक झाल्या असतील, तर हेच चाललं आहे. आजार वाढत जातो तेव्हा प्रथिनं बेताची करतात, बंद कधीच करत नाहीत. दुकानात मिळणाऱ्या किडनीच्या खाण्यातही ती असतात, चांगल्या प्रतीची आणि मोजून.

यात रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. मांजर वाळत गेलं की क्रिएटिनिन आपोआप कमी दिसतं आणि घरचे खूश होतात की आकडा उतरला! म्हणून नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. एसडीएमए नावाची दुसरी रक्ततपासणी आहे, तिच्यावर स्नायूंचा परिणाम होत नाही. ठमीसारख्या वाळलेल्या मांजरात ती करून घ्यावी. उलट बाजूही आहे. शरीरात पाणी कमी असताना रक्त काढलं तर क्रिएटिनिन उगाच चढलेलं दिसतं. तिसऱ्या टप्प्याची रेघ २.९ ते ५.० अशी आहे, पण टप्पा ठरवायचा तो मांजर स्थिर असताना, पाण्याची कमतरता भरून काढून, दोनदा तपासून. ठमीचा आकडा तिचं खाणंपिणं सुधारल्यावर पुन्हा बघा. खाली आला तर नवल नाही.

मग खरा शत्रू कोण? बऱ्याच अंशी फॉस्फरस. निरोगी किडनी जादा फॉस्फरस लघवीवाटे टाकते. दुखरी किडनी मागे पडते, तो रक्तात साचतो, त्यामुळे पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागते, हाडांतून कॅल्शियम निघतं आणि किडनीची झीज आणखी वेगाने होते. तिसऱ्या टप्प्यात रक्तातलं फॉस्फरस ५.० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ठेवायचा प्रयत्न करतात, दुसऱ्या टप्प्यात ४.६ च्या आणि चौथ्यात ६.० च्या. तुमच्या पत्रात हा आकडा नाही. रिपोर्टमध्ये तो बहुतेक असेल, शोधा.

किडनीच्या खाण्याचा मुख्य फायदा हाच आहे की त्यात फॉस्फरस कमी असतो. जोडीला पोटॅशियम, बी जीवनसत्त्वं आणि ओमेगा-३ वाढवलेलं असतं आणि रक्त आम्लधर्मी होऊ नये याची सोय असते. हे जाहिरातीतलं बोलणं नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या एका चाचणीत दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातली ४५ मांजरं होती. किडनीचं खाणं खाणाऱ्या गटात अंगात विष साचून आणीबाणी झाली असं एकही मांजर नव्हतं, साधं खाणं खाणाऱ्या गटात ते प्रमाण सुमारे २६ टक्के होतं. म्हणून आज ते डब्यात ठेवा म्हटलं तरी कायमचं सोडून देऊ नका.

ठमी आठवडाभर नीट खाऊ लागली, मळमळ थांबली, की सुरुवात करा. जुनं खाणं नेहमीच्या वाटीत, नेहमीच्या जागी. नवं खाणं शेजारी वेगळ्या बशीत, चमचाभर. खाल्लं तर ठीक, नाही तर अर्ध्या-एक तासाने उचलून टाका, काही बोलू नका. चार-पाच दिवसांनी ती बशीला सरावली की जुन्यात नव्याचा अगदी छोटा अंश मिसळून बघा आणि तो सावकाश वाढवा. पिशवीवर सात दिवसांत बदला असं छापलेलं असतं. चौदा वर्षांच्या मांजराला सात आठवडे लागले तरी घाई करू नका. एका कंपनीचं नको झालं तर दुसरीचं आणा. एकाच कंपनीतही गुळगुळीत पेस्ट, रस्सा-तुकडे आणि कोरडे दाणे असे प्रकार असतात. काही मांजरांना पेस्टचा तिटकारा असतो आणि तेच खाणं तुकड्यांत आलं की वाटी चाटूनपुसून स्वच्छ होते. फ्रिजमधून काढलेलं थंड खाणं थेट देऊ नका, अंगाच्या ऊबेइतकं गरम करा. वास सुटला की निम्मं काम होतं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. बशी पसरट असू द्या.

आणि समजा हे सगळं करूनही ठमीने ते खाणं नाकारलंच? अशी मांजरं असतात आणि त्यात तुमचा काही दोष नसतो. तेव्हा साध्या खाण्यांतलं कमी फॉस्फरसचं शोधायचं आणि फॉस्फेट बाइंडर द्यायचा. लेबल वाचताना टक्क्यांवर जाऊ नका. ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे टक्केवारी फसवते. दर १०० किलोकॅलरीमागे किती मिलिग्रॅम फॉस्फरस, हा आकडा कंपनीकडून मागवून घ्या आणि दोन डबे त्यावरून ताडून बघा. घटकांच्या यादीत सोडियम किंवा पोटॅशियम फॉस्फेट दिसलं तर तो डबा मागे ठेवा. असा वरून घातलेला फॉस्फेट मांसातल्या फॉस्फरसपेक्षा जास्त सहज शोषला जातो. ‘सीनियर’ हा शब्द बघून भुलू नका, तो वयाचा शिक्का आहे, किडनीचा नाही.

बाइंडर म्हणजे अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, लॅन्थॅनम कार्बोनेट यांसारखी औषधं. ती आतड्यातच खाण्यातल्या फॉस्फरसला धरून ठेवतात आणि शीवाटे बाहेर नेतात. त्यामुळे ती खाण्याबरोबर दिली तरच उपयोग, रिकाम्या पोटी दिलेला बाइंडर वाया जातो. औषध खाण्यात घालू नका असं वर म्हटलं, त्याला हा एवढा अपवाद. आवडत्या खाण्यात चिमूटभरापासून सुरू करा आणि बद्धकोष्ठतेवर नजर ठेवा. कॅल्शियमवालं बाइंडर मात्र रक्तातलं कॅल्शियम तपासल्याशिवाय देऊ नका.

घरी शिजवून घालायचा मोह होतो. भूक परत आणायला दोन दिवस नुसतं उकडलेलं चिकन दिलं तर काही बिघडत नाही. पण तेच रोजचं जेवण झालं की कॅल्शियम जवळजवळ नाही आणि फॉस्फरस भरपूर, असं उलटं गणित होतं. टॉरिन या मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणाऱ्या घटकासारख्या गोष्टींची कमतरता वेगळीच. किडनीच्या मांजरांसाठी म्हणून छापलेल्या घरगुती पाककृती तज्ज्ञांनी तपासल्या, तेव्हा त्यांत काही ना काही कमी निघालंच. घरचंच द्यायचं असेल तर प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून ठमीच्या रिपोर्टवर बेतलेली कृती घ्या आणि त्यातला एकही जिन्नस मनाने बदलू नका. कांदा, लसूण कोणत्याही रूपात नको, सूपमध्येही नाही.

किती खायला हवं? ३.५ किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण १८० किलोकॅलरी लागतात. वजन भरून काढायचं तर त्याहून जास्त. तीन-चार दिवस ती खाते ते वजनकाट्यावर मोजा आणि लिहून ठेवा. अंदाजाने ‘बरं खाते’ म्हणणारे लोक बहुतेक वेळा चुकतात. आठवड्यातून एकदा ठमीलाही तोला, लहान बाळांच्या काट्यावर जमतं. औषधं देऊनही वजन उतरतच राहिलं तर मानेतून अन्ननलिकेत बसवायच्या नळीबद्दल विचारा. ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात मांजरं ती नळी चांगली सोसतात, आणि खाणं, पाणी, औषध सगळं त्यातून जातं. रोज तोंड उघडून गोळी कोंबण्यापेक्षा मला ती जास्त दयाळू वाटते.

पाण्याबद्दल एकच ताकीद : लघवी जास्त होते म्हणून रात्री भांडं उचलून ठेवू नका. किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून पाणी जातं, आणि जातं म्हणून ती पिते. भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाण्यात कोमट पाणी मिसळा, शक्य तितकं ओलं खाणं द्या.

सलाईन प्रत्येक मांजराला लागत नाही. ठमी नीट खात-पीत असेल, अंगात पाणी पुरेसं असेल, तर सुईची गरज आज नाही. डॉक्टरांनीही ‘पुढे गरज पडली तर’ असंच म्हटलंय. तरी शिकून ठेवा, कारण शिरेतून द्यायच्या सलाईनशी याचा काही संबंध नाही. हे कातडीखाली जातं. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, सुई त्या पोकळीत सरकवायची, बस्स. शीर शोधायची नाही. पहिल्यांदा दवाखान्यात डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने करा, मगच घरी. बहुधा रिंगर लॅक्टेट वापरतात आणि एका वेळी १०० मिलीच्या आसपास देतात, पण ठमीचं प्रमाण आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करा. थंड सलाईन हेच बऱ्याच मांजरांच्या पळून जाण्याचं कारण असतं. सुई दर वेळी नवी. फार बारीक सुई घेऊ नका, ती कमी टोचते पण सगळं प्रकरण दुप्पट लांबवते. पाठीवर उंटासारखा फुगवटा येईल, तो पायाकडे ओघळेल आणि काही तासांत जिरेल. दुसऱ्या दिवशीही तसाच दिसला तर पुढची बाटली लावू नका, फोन करा. ग्लुकोजवालं सलाईन कातडीखाली द्यायचं नसतं. हृदयाचा त्रास असलेल्या मांजरांत सलाईन जपून द्यावं लागतं. झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या वर जात असेल तर सलाईन थांबवून डॉक्टरांना गाठा.

तुमच्या पत्रात मला एका गोष्टीची उणीव जाणवली : रक्तदाब. किडनीच्या मांजरांत बीपी चढतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही, मग एक दिवस मांजर भिंतीवर आदळायला लागतं. डोळ्याचा पडदा सुटलेला असतो. बीपीचा वरचा आकडा १६० च्या वर वारंवार येत असेल तर उपचार करतात. अॅम्लोडिपिनची छोटीशी गोळी किंवा टेल्मिसार्टनचं पातळ औषध, दोन्ही चांगली चालतात. बाहुल्या सतत मोठ्या दिसत असतील तर ही तपासणी पुढे ढकलू नका. सोबत लघवी तपासा, त्यात प्रोटीन किती जातं आणि जंतुसंसर्ग आहे का ते कळेल. पोटॅशियम बघा. ते फार उतरलं की मांजराची मान खाली झुकते, उडी मारता येत नाही, आणि लोक म्हणतात म्हातारी झाली. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघा. थायरॉइड वाढलेला असला की किडनीचे आकडे आहेत त्याहून बरे दिसतात.

दुखतंय असं वाटलं तरी माणसांची गोळी नको. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. घरात लिलीची फुलं असतील तर आजच बाहेर काढा. पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणी, सगळंच किडनी बंद पाडतं, आणि ते बोक्यालाही लागू आहे.

आता छळाचं. या आजारात गेलेली किडनी परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल. पण तिसऱ्या टप्प्यातली मांजरं महिने नव्हे, अनेकदा वर्षं काढतात, आणि ती वर्षं आजाऱ्यासारखी जातीलच असं नाही. मळमळ थांबवणं, बीपी उतरवणं, पोट भरणं यात छळ कुठे आहे? छळ केव्हा होतो ते सांगते. घरातला प्रत्येक माणूस गोळी, सिरिंज किंवा सुई घेऊनच तिच्याजवळ जायला लागतो आणि ती पावलांच्या आवाजाने पलंगाखाली शिरते, तेव्हा. तसं व्हायला लागलं तर डॉक्टरांकडे जाऊन स्पष्ट विचारा, ‘यातली कोणती दोन औषधं सगळ्यात कामाची?’ बाकीची सोडायला सांगतील, बिचकू नका. औषधं एका ठराविक जागी द्या, तिच्या झोपायच्या जागी कधीच नाही. आणि पुढे कधी ती स्वतःला चाटून साफ करेनाशी झाली, आवडीच्या खाण्याकडेही बघेनाशी झाली, बऱ्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त व्हायला लागले, तर तेव्हा निरोप देण्याचा विचार करणं हाही उपचाराचाच भाग आहे. आज तुम्ही त्या जागी आहात असं पत्रावरून वाटत नाही.

राहिला बोका. त्याचं खाणं बदलू नका. त्याने ठमीच्या वाटीतलं चार घास खाल्लं तर काही होणार नाही, मात्र निरोगी तरुण मांजराला ते रोजचं जेवण म्हणून नको, आणि वाढत्या पिल्लाला तर नकोच. खरी अडचण उलटी आहे : ठमी त्याचं खाणं पळवेल. दोघांना वेगळ्या खोल्यांत, दार लावून, अर्धा तास जेवू द्या आणि मग दोन्ही वाट्या उचला. बोका उड्या मारणारा असेल तर त्याची वाटी उंच कपाटावर ठेवा, ठमी या वयात तिथवर जाणार नाही. मायक्रोचिप ओळखून उघडणारी वाटीही मिळते, पण आधी दार लावून बघा.